न पचलेलं

वाड्याच्या आप्पांनी पहिल्याच दिवशी अट घातली. "ताई, वर जावा, काय पायजे ते गोळा करा, पर गावात नाव काढू नका."

नाव म्हणजे घुबडाचं. त्यांच्या धाकट्याचं लग्न जुळत आलं होतं, आणि ज्या घरात घुबड राहतं त्या घरात मुलगी कोण देणार, हा त्यांचा साधा हिशेब होता. मग पुढची तीन वर्षं माळ्यावरच्या गव्हाणी घुबडांच्या जोडीला आम्ही 'वरचे पाहुणे' म्हणत राहिलो. मी शिडीवरून केसात जळमटं घेऊन उतरले की आप्पा ओट्यावर चहा पुढे करत आणि आवाज खाली आणून विचारत, "काय म्हणत्यात पाव्हणे? काल काय जेवले?"

मी तेच शोधत होते. कऱ्हेच्या खोऱ्यात आणि आसपास घुबडं काय खातात, जागा बदलली की त्यांचं ताट कसं बदलतं. विद्यापीठात दिलेल्या कागदावर हेच दोन ओळींच्या इंग्रजी शीर्षकात लिहिलं होतं. आप्पांनी ते तीन शब्दांत उरकलं होतं.

कामाला लागण्याआधी माझ्या डोक्यात चित्र होतं ते रात्री दबा धरून बसण्याचं, दुर्बिणीतून शिकार टिपण्याचं. तशा मी पहिल्या हिवाळ्यात सोळा रात्री बसले. हाती लागलं ते पांढुरकं काहीतरी बांधावरून सरकताना दिसणं, आणि सर्दी. घुबडाच्या पिसांची कड झालरीसारखी मऊ असते, उडताना आवाज म्हणून येत नाही. अंधारात त्याने काय उचललं ते कळायला तुम्ही उंदीरच असायला हवं, आणि तेव्हा ते सांगायला तुम्ही उरत नाही.

म्हणून पेलेट. उंदीर-चिचुंद्रीएवढं भक्ष्य घुबड सबंध गिळतं. कबुतराला असते तशी गळ्याशी अन्न साठवायची पिशवी त्याला नसते, घास थेट पोटात जातो. मांस विरघळून पुढे सरकतं. केस, हाडं, दात, किड्यांची कवचं पेषणीत अडकतात, तिथेच दाबली जातात, आणि काही तासांनी घुबड मान पुढे काढून, डोळे मिटून, एखादं नकोसं काम उरकावं तसा तो गोळा तोंडातून बाहेर टाकतं. ससाणेही असे गोळे टाकतात, पण त्यांच्या जठरातलं आम्ल जहाल असतं, हाडं बरीचशी त्यातच जिरतात. घुबडाचं आम्ल त्या मानाने सौम्य. त्यामुळे त्याच्या पेलेटमधून कवटी दातांसकट निघते. माझी पदवी त्या सौम्य आम्लावर उभी आहे, असं मी चेष्टेने म्हणते, पण ते खरंच आहे.

मराठीत याला ओकारीचा गोळा म्हणता येईल. आईसमोर तो शब्द वापरायची सोय नव्हती. कारण पेलेट वाळायचे ते आमच्याच गच्चीवर, कुरडयांच्या शेजारी. गव्हाणी घुबडाचा ताजा पेलेट काळा आणि वार्निश लावल्यासारखा चकचकीत असतो. शेजारच्या काकूंनी एकदा तो हातात घेऊन, "हे कसलं गं वाळवण?" असं विचारलं. आईने माझ्याकडे पाहिलं, मी आभाळाकडे. त्या दिवसापासून माझी पातेली, माझा चिमटा, माझी गाळणी वेगळी झाली आणि कुरडया काकूंच्या गच्चीवर गेल्या.

पेलेट कोमट पाण्यात भिजवायचा आणि केसांच्या गुंत्यातून हाडं एकेक सोडवायची. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात टाकलं तर केस विरघळतात आणि वेळ वाचतो, हे मी वाचलं होतं. पहिल्या खेपेला सोडा अंदाजपंचे घातला, रात्रभर तसंच ठेवलं, आणि सकाळी पिंगळ्याच्या वीस-बावीस पेलेटांचं तळाशी नुसतं पिठूळ झालेलं. महिन्याची मेहनत मी मोरीत ओतली. तेव्हापासून पाणी आणि धीर, एवढंच.

हाडं हातात आली की खरी गंमत सुरू होते. आपल्याला उंदीर म्हणजे उंदीर. घुबडाच्या ताटात डझनभर तऱ्हा असतात, आणि त्या ओळखायच्या दातांवरून. चिचुंद्री तर उंदरांच्या कुळातलीच नाही. तिचे दात पुढून मागेपर्यंत सलग, टोकदार, किडे फोडायला केलेले. उंदराचे पुढचे दात पटाशीसारखे, मग मोठी मोकळी जागा आणि मग दाढा. घुशीच्या दाढांवर आडव्या पट्ट्या असतात, चकलीच्या साच्याची आठवण यावी अशा. आणि माळावरच्या जर्बिल नावाच्या उंदराच्या वरच्या पटाशीवर मधोमध उभा चर असतो. झुडपी उंदराच्या दातावरही चर असतो, म्हणून मग दाढा पाहायच्या. भिंगाखाली तो चर पहिल्यांदा दिसला तेव्हा मी खुर्चीवरून उठून उगाच खोलीभर चालून आले होते.

मोजायचं कसं? डावे जबडे वेगळे, उजवे वेगळे. ज्या बाजूचे जास्त, तितके प्राणी धरायचे. पाच डावे आणि तीन उजवे म्हणजे निदान पाच. 'निदान' हा शब्द या कामात फार महत्त्वाचा आहे. तो मी सुरुवातीला विसरत असे. त्याची शिक्षा पुढे मिळाली.

आप्पांच्या पाहुण्यांचं ताट घराजवळचं होतं: चिचुंद्र्या, घरातले बारके उंदीर, मधूनच एखादी चिमणी, पाकोळी. मांजर चिचुंद्री मारतं, पण वासापायी बहुधा तशीच टाकून देतं. घुबडाला त्या वासाचं काही वाटत नसावं. कवटीमागून कवटी निघायची. "म्हंजे आमच्या घरातलंच खात्यात," आप्पा म्हणाले, काहीसे खट्टू होऊन. पाहुण्याने शेजारी जेवावं, असं त्यांना वाटत असावं.

वाडा सोडून दोन-तीन कोसांवर दगडखाणीत शृंगी घुबडं होती. हे दांडगं काम. संध्याकाळी खाणीच्या कपारीतून 'बूऽ-बो' असा खोल हुंकार येतो. सोडलेल्या खाणी, ओढ्यांच्या दरडी त्याला घरट्यासाठी आवडतात. घरटं कसलं, कपारीत उघड्यावरच अंडी. याचे पेलेट मोठे, पण मोजायला त्रासदायक. भक्ष्य मोठं असलं की ते फाडून खातं, कवट्या फुटलेल्या असतात, कधी डोकंच नसतं. कबुतराची पिसं, तित्तराचे पाय, सशाच्या पायाची हाडं, कधी खेकड्याची नांगी असं सगळं मिसळून येतं. तरी मुख्य माल उंदीर-घुशींचा. सतीश पांडे आणि नीलेश डहाणूकर यांनी २०११ मध्ये याच पक्ष्याच्या आहाराचा शेतीच्या अंगाने अभ्यास प्रसिद्ध केला होता. तो निबंध मी इतका वाचला की त्याच्या झेरॉक्सची घडी फाटली.

मी दोन खाणी धरल्या होत्या. एक कोरड्या माळावर, भोवती बाजरी, हरभरा, सीताफळाच्या बागा आणि बरंच मोकळं पडीक. दुसरी पाण्याखालच्या रानाच्या कडेला, जिथे उसाचं पीक सरळ खाणीच्या काठाशी येऊन थांबतं. पक्षी तोच, आवाज तोच. ताटं मात्र दोन वेगळ्या मुलखांतली. कोरड्या खाणीत जर्बिलचे चर असलेले दात, मऊ केसांचे शेतउंदीर, चंडोलाची हाडं, मोठाले टोळ. उसाकडच्या खाणीत घूस, घूस आणि घूस. उसात दाट सावली, पाचटाचं आच्छादन, ओल, बारमाही गोड खाद्य आणि बांधात बीळ करायला मऊ माती. घुशीला आणखी काय हवं? जर्बिलला उलट उघडी, कोरडी, भुसभुशीत जमीन लागते. घुबडाने आपली आवड बदलली नव्हती. दारात जे फिरतं ते त्याने उचललं होतं.

माझं मन घुबडावरून हळूहळू जमिनीकडे सरकलं ते तिथे. मी पक्ष्याचा अभ्यास करतेय असं लोकांना सांगत होते, आणि प्रत्यक्षात रानाचा सातबारा वाचत होते. फक्त तलाठ्याच्या सातबाऱ्यात उंदरांची नोंद नसते.

बाकीच्या जागा थोडक्यात सांगते. माळावर हिवाळ्यात उत्तरेकडून आखूड कानांची घुबडं येतात, गवतात जमिनीवरच बसतात. त्यांचे पेलेट शोधणं म्हणजे मेंढ्यांच्या लेंड्यांत मान खाली घालून दिवसभर चालणं. एक मेंढपाळ दोन दिवस मागे मागे फिरला आणि शेवटी म्हणाला, "बाई, काय हरवलंय ते सांगा तरी, दोघं हुडकू." मुळशीकडच्या ओढ्यावरचं मत्स्य घुबड खेकडे आणि मासे खातं. त्याचे पेलेट कवचांचे. केसांचं बंधन नसल्यामुळे हात लावला की चुरा. पावसाळ्यात तर सह्याद्रीत पेलेट मिळतच नाहीत, धुऊन जातात. तिथले चार महिने माझ्या तक्त्यात नुसत्या रेघा आहेत.

शहरातल्या पिंगळ्याबद्दल मात्र जरा थांबायला हवं. आमच्याच रस्त्यावरच्या वडाच्या ढोलीत तो होता. सगळ्यांना माहीत असलेला, संध्याकाळी किचकिचाट करणारा. पहाटे अंगणात येऊन भविष्य सांगणाऱ्या पिंगळा जोश्यांना ज्याचं नाव मिळालं तोच हा पक्षी. त्याचे पेलेट बोटाच्या पेराएवढे, चिमटीत धरताच भुगा होणारे. उंदराचं हाड क्वचित. बाकी सगळे किडे: नाकतोड्यांचे जबडे, रातकिडे, झुरळांचे पाय, विंचवाची नांगी. पावसाचे पहिले सडे पडले आणि हुमणीचे भुंगेरे जमिनीतून वर आले की आठवडाभर पेलेट नुसते तपकिरी, चमकदार, भुंगेऱ्यांच्या पंखांच्या कवचांनी ठासलेले. सूक्ष्मदर्शकाखाली तांब्याचा कीस पसरल्यासारखं दिसायचं. रस्त्यावरचे पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी लावले तेव्हा ताट बदलतं का, ते पाहायचं माझ्या मनात होतं. त्याच उन्हाळ्यात तो वड रस्तारुंदीत गेला.

पिंगळ्याने मला एक जुना हिशेब शिकवला. नगावर मोजलं तर पिंगळा निव्वळ कीटकभक्षी ठरतो. वजनावर मोजलं तर महिन्यातला एकच उंदीर शंभर टोळांच्या वजनाशी जाऊन बसतो. दोन्ही आकडे खरे. मग तो काय खातो? मार्गदर्शक बाईंनी सांगितलं, "दोन्ही लिही, आणि तिसरी ओळ लिही की गांडुळासारखं जे पूर्ण पचतं ते यात दिसतच नाही." आम्ही घुबडाचं जेवण मोजतच नाही. त्याला जे पचलं नाही ते मोजतो.

मेळघाटात मी गेले ती दुसऱ्यांच्या कामात मदतनीस म्हणून, बारा दिवस. सागाच्या विरळ रानात रानपिंगळा पाहायला मिळाला. हा दिवसा शिकार करतो, त्यामुळे पेलेटच्या आधारावर बसायला नको, डोळ्यांनी पाहता येतं. फांदीवर बसून शेपूट इकडून तिकडे झटकायची, आणि एकदम पाल्यात झेप. सरडा, सापसुरळी, कधी उंदीर. माझ्यासारखीला हे थोडं चोरून पाहिल्यासारखं वाटलं. इतकं सोपं?

रानपिंगळ्याची गोष्ट पक्षीवाल्यांना पाठ असते. १८८४ नंतर तो कोणाला सापडेना, नामशेषच धरला गेला, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांना शहाद्याजवळ पुन्हा दिसला. मधल्या काळातली एक नोंद मात्र होती: १९१४, गुजरातेतलं मांडवी, रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांचा नमुना. तो पक्षी ब्रिटिश संग्रहालयातून उचललेला, खानदेशात कितीतरी वर्षं आधी मारलेला, आणि त्यावर नवी चिठ्ठी लावलेली असल्याचं पुढे उघड झालं. खोट्या चिठ्ठीपायी लोक चुकीच्या ठिकाणी शोधत राहिले.

रात्री शेकोटीशी हे ऐकताना माझ्या पोटात खड्डा पडला. कारण माझ्या घरी दोन पिशव्या होत्या. ऑगस्टातल्या एका पावसात सॅक भिजली, शाई पसरली, आणि एक पिशवी कोरड्या खाणीची आणि एक उसाकडची एवढंच उरलं. कोणती कोणाची, ते गेलं. आत काय आहे ते मी पाहिलं होतं: एकीत जर्बिल होते, दुसरीत घुशी. म्हणजे चिठ्ठी लिहिणं किती सोपं! पण मग मला जे सिद्ध करायचं होतं त्यावरूनच मी पुरावा ठरवला असता. मी लिहून टाकलंही होतं, पेन्सिलीने. मेळघाटातून आल्यावर खोडलं आणि त्या दोन पिशव्या हिशेबातून काढल्या. बाईंना सांगितलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "चिठ्ठी आत एक, बाहेर एक. आणि शाई नाही, पेन्सिल."

दुसरी चूक इतकी सहज खोडता आली नाही. उसाकडच्या गावात शाळेत मला बोलायला बोलावलं. पुरंदरातच पिंगोरीला इला फाउंडेशनने २०१८ मध्ये उलूक उत्सव भरवला, तेव्हापासून भागात घुबडांबद्दल थोडं बरं बोललं जाऊ लागलं होतं. दगड मारला तर घुबड तो नदीवर नेऊन झिजवतं आणि तसा माणूस झिजतो, ही समजूत मी पोरांसमोर मांडली, सगळी हसली. मग मागून एका शेतकऱ्याने विचारलं, "एक घुबड वर्षाला किती उंदीर खातं ते सांगा." मी एका पेलेटमधले जबडे घेतले, दिवसांनी गुणले आणि एक भरघोस आकडा सांगून टाकला. टाळ्या पडल्या. आठवड्याभरात तो आकडा व्हॉट्सॲपवर तिप्पट होऊन माझ्याकडेच परत आला, खाली माझं नाव आणि "शास्त्रज्ञांचं मत".

एका पेलेटवरून रात्रीचं जेवण ठरत नाही. कितीतरी पेलेट रानात पडतात, मला सापडतच नाहीत. पिल्लं असतानाचा महिना आणि एरवीचा महिना सारखा नसतो. आणि घुबडाने उंदीर खाल्ले म्हणून रानातले उंदीर कमी झालेच, असंही नाही, घूस त्यापेक्षा झपाट्याने विते. 'निदान' हा शब्द मी तिथे गिळला होता, आणि तो काही पचला नाही. त्याहून जास्त टोचलं ते वेगळंच. उंदीर खातं म्हणून घुबडाला जगू द्या, असं मी सांगून आले होते. मग ओढ्यावरचं मत्स्य घुबड, जे बिचारं खेकडे खातं आणि कोणाच्याच उपयोगाचं नाही, त्याने काय करायचं?

टाळ्या वाजवणाऱ्या त्याच गावात उसाच्या कडेने विषाच्या वड्या पडत होत्या. शेतकऱ्याला दोष देऊन उपयोग नाही, घूस रात्रीत किती ऊस कुरतडते ते मी पाहिलं आहे. झिंक फॉस्फाइडने उंदीर लवकर मरतो. ब्रोमाडायलोनने रक्त गोठायचं थांबतं, उंदीर काही दिवस अर्धमेला फिरतो, आणि अशा उंदराला पकडणं घुबडाला सर्वांत सोपं. विष यकृतात साठून राहतं. तिसऱ्या वर्षी उसाकडच्या खाणीत मादी कपारीखाली मेलेली मिळाली. तपासणी होईपर्यंत तिचं काही शिल्लक राहिलं नव्हतं, त्यामुळे कारण मला लिहिता आलं नाही. घुबड आपल्याला कळवतं ते फक्त हाडांचं आणि केसांचं. विष पचतं.

आप्पांचा फोन आला तो प्रबंध देऊन झाल्यावर. वाडा पाडून स्लॅबचं घर बांधायचं होतं. "पाव्हणे आपण होऊन गेले, पर त्यांचं सामान ऱ्हायलंय. येऊन घेऊन जावा, न्हाईतर मजूर फावड्यानं काढतील."

माळ्यावरच्या त्या कोपऱ्यात गुडघाभर ढीग होता. पिढ्यान्‌पिढ्या कोणत्या ना कोणत्या घुबडाने तिथेच बसून टाकलेला. वरचा थर काळसर, आकार धरून असलेला. खाली जावं तसे केस कसरीने खाऊन टाकलेले, नुसती हाडं आणि माती. मी खुरप्याने थर थर काढत गेले. आप्पा शिडीच्या टोकाशी बसून, नाकाला उपरणं लावून पाहत होते. वर चिचुंद्र्या, घरउंदीर, घुशी. पार तळाशी हाताला दात लागला. पुसून भिंगाखाली धरला. मधोमध चर होता, आणि शेजारच्याच मुठीत त्याच्या दाढा.

मी तो त्यांच्या तळहातावर ठेवला आणि कसा प्राणी ते सांगितलं. लांब मागचे पाय, उड्या मारत पळणारा, शेपटीच्या टोकाला झुपका.

"हा व्हय," आप्पा म्हणाले. "बाजरी काढताना पेंढीखालनं निघायचा. पोरं पाठीमागं पळायची." मग ते बोटांवर मोजत बसले. गावात पाणी आलं ते थोरलीच्या लग्नाच्या साली, का त्याच्या आदल्या. कपाशी त्याआधी होती की नंतर. नंतरच असावी. मग म्हणाले, "म्हंजे हे पान्याच्या आधीचं जेवन."

तसं असेल. नसेलही. ढिगात मांजरं लोळली असतील, पोरांनी उकरलं असेल, एखाद्या दिवाळीला कुणी झाडूही फिरवला असेल. मी पिशवी भरली, पेन्सिल काढली, दोन चिठ्ठ्या लिहिल्या, एक आत, एक बाहेर. गाव. माळा, ईशान्य कोपरा. थर: तळ. साल: ठाऊक नाही.